शल्य काढल्यानंतर

पायाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी किंवा सळई घालून हाड जुळविण्यात आले, ही हकीकत आता आपल्याकडे घरोघर ऐकू येते. शस्त्रवैद्यकाच्या इतिहासातही तिला मानाचे पान मिळालेले आहे. सळई प्रथम कोणी ठोकली, पट्टी प्रथम कोणी बसविली, कोणत्या धातूचा गुण आला आणि कोणत्याचा आला नाही, याविषयी ग्रंथकारांनी हात राखून लिहिलेले नाही. परंतु तीच सळई किंवा पट्टी पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांनी बाहेर काढली जाते, आणि ती काढल्यावर त्या माणसाचे एक दुसरे, आखूड पण नाजूक आजारपण सुरू होते. या दुसऱ्या आजारपणाची कथा सहसा कोणी सलग सांगत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी घरातील सारी माणसे उशाशी बसलेली असतात. दुसऱ्या वेळी, आता काय, नुसते काढायचेच तर आहे, असे म्हणून जो तो आपापल्या उद्योगाला लागतो. इतिहासकारांचेही थोडेसे तसेच झाले आहे.

वस्तुतः काढणे हे घालण्यापेक्षा फार जुने आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याला आपण शल्यवैद्य म्हणतो, पण ‘शल्य’ या शब्दाच्या मूळ अर्थाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शल्य म्हणजे शरीरात शिरलेली आणि तेथे पीडा देणारी परकी वस्तू. बाणाचे टोक, काटा, लाकडाची ढलपी. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी शल्यतंत्राला नाव मिळाले ते काहीतरी बाहेर काढण्यावरून. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा आणि सत्ताविसावा हे दोन्ही अध्याय याच कामाला वाहिलेले आहेत. सैल शल्य काढण्याचे पंधरा उपाय तेथे मोजून दाखविले आहेत व त्यांत लोहचुंबकही आहे. हाडात रुतून बसलेल्या शल्याची गोष्ट मात्र वेगळी. पाय रोवून ते यंत्राने ओढावे. तेवढ्याने निघाले नाही तर बळकट माणसांकडून रोग्याला धरवून शल्याला धनुष्याची दोरी बांधावी, दोरीचे दुसरे टोक घोड्याच्या लगामाला बांधावे आणि घोड्याला चाबूक मारावा, म्हणजे तो मान वर उचलील त्या हिसक्यासरशी शल्य उपटून येईल. घोडा नसेल तर झाडाची फांदी वाकवून तिला बांधावे. आजच्या शस्त्रक्रियागृहात मांडीच्या हाडातील सळई काढताना तिच्या टोकाला एक दांडा जोडतात आणि त्या दांड्यावर सरकणारा जड हातोडा मागच्या दिशेने आपटतात. घोड्याची मान ती हीच.

त्याच सव्विसाव्या अध्यायात आणखी एक विधान आहे. सोने, रुपे, तांबे, पितळ, कथील व शिसे यांची शल्ये शरीरात दीर्घकाळ राहिली तर पित्ताच्या तेजाने विरून जातात. शिंग, दात, केस, हाड, बांबू, लाकूड, दगड व माती यांची मात्र विरत नाहीत. सोने शरीरात विरत नाही हे आपण आज जाणतो. तेव्हा उत्तर चुकले. परंतु प्रश्न मात्र अगदी नेमका होता: कोणता पदार्थ देहात किती काळ, कोणत्या स्थितीत राहतो? या प्रश्नाची गाठ पुढे पुन्हा पडावयाची आहे.

मोडलेल्या हाडांविषयी सुश्रुताने स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस अशा झाडांच्या सालींच्या किंवा बांबूच्या खपाट्या बांधाव्या, मांडी किंवा नडगी मोडली असेल तर रोग्याला फळीवर निजवून पाय हलू नये म्हणून दोन्ही अंगांना खुंट्या ठोकाव्या, असे तेथे सांगितले आहे. आपल्या खेड्यापाड्यांतील हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधतात, त्यांचे हे दूरचे पूर्वज. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाताच्या तळव्याच्या भंगाविषयीचा एक छोटा उल्लेख. हाड जुळल्यावर रोग्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यानंतर दगड. हाड जुळणे आणि हाडात बळ येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, व त्या दोहोंमधले अंतर क्रमाक्रमाने ओझे वाढवीतच ओलांडावे लागते, हे त्या तीन वस्तूंत सांगून झाले आहे. पट्टी काढलेल्या पायाचा सारा प्रश्न त्या अंतरातच आहे.

मोडलेले हाड जोडण्यासाठी शरीरात बुद्ध्याच शल्य घालावे, ही कल्पना मात्र सुश्रुताची नव्हे, आणि ती त्याच्या माथी मारण्याचे कारणही नाही. ती कल्पना सुचण्याजोगी परिस्थिती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगात कोठेच नव्हती. कातडी फाडून हाड बाहेर आले की जखम सडे, आणि म्हणून पाय कापून टाकणे हाच शहाणपणाचा मार्ग समजला जाई. फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाझ पारे याचा पाय १५६१ मध्ये घोड्याच्या लाथेने असाच मोडला आणि तो न कापता बरा झाला, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. लंडनचा पर्सिव्हल पॉट १७५६ मध्ये घोड्यावरून पडला. नडगीचे हाड कातडीबाहेर आले होते. गाडीच्या हिसक्यांनी पाय आणखी बिघडेल हे जाणून त्याने स्वतःला जागेवरून हलवू दिले नाही. पालखीवाल्यांना त्यांच्या दांड्यांसह बोलावून आणविले, जवळच एक दार विकत घेतले, दांडे त्या दाराला ठोकविले आणि त्यावर पडून तो घरी गेला. घरी शल्यवैद्यांची सभा भरली, पाय कापण्याचे ठरले, हत्यारे निघाली. इतक्यात त्याचा जुना गुरू एडवर्ड नर्स येऊन पोचला आणि पाय वाचविण्याचा प्रयत्न करून पाहू, असे त्याने सुचविले. पाय वाचला. अंथरुणावरच्या त्या सक्तीच्या विश्रांतीत पॉटने अंतर्गळावरचा आपला ग्रंथ लिहिला. सक्तीच्या रजेचा इतका चांगला उपयोग करणारी माणसे थोडी.

ही परिस्थिती बदलली ती जोसेफ लिस्टरमुळे. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगो येथे गाडीखाली पाय सापडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर त्याने कार्बोलिक आम्लाची पट्टी ठेवली. जखम सडली नाही, आणि सुमारे सहा आठवड्यांत हाड सांधले. पुढे १८७७ मध्ये लंडनला लिस्टरने याच्याही पुढचे पाऊल टाकले. गुडघ्याची वाटी फुटलेल्या, परंतु कातडी शाबूत असलेल्या एका रोग्याचा गुडघा त्याने उघडला आणि वाटीचे दोन तुकडे रुप्याच्या तारेने शिवले. धड कातडी आपण होऊन कापून आत धातू ठेवणे हे त्या वेळी इतके धाडसाचे वाटले की, रोगी दगावला तर या माणसावर खटला भरला पाहिजे, असे एका नामांकित शल्यवैद्याने म्हटल्याचे सांगतात. रोगी दगावला नाही.

आता आपण आपल्या विषयाच्या खऱ्या आरंभाशी आलो. हाडाला स्क्रूंनी बसवावयाची पट्टी प्रथम प्रसिद्ध केली ती हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान याने, १८८६ मध्ये. तिची रचना पाहण्याजोगी होती. पट्टीचे एक टोक वाकवून कातडीबाहेर काढलेले होते आणि स्क्रूंचे लांब दांडेही बाहेर राहत. हेतू हा की, काही आठवड्यांनी पुन्हा चिरफाड न करता सारे काही बाहेरूनच काढून घेता यावे. म्हणजे पहिल्या पट्टीची आखणी झाली त्याच वेळी तिच्या निरोपाची तजवीजही झालेली होती. पुढच्या पिढीने कातडीबाहेरची ही टोके टाकून दिली, कारण त्या वाटेने जंतू आत शिरत. लंडनचे विल्यम आर्बथनॉट लेन आणि अँटवर्पचे आल्बँ लाम्बॉट यांनी पट्टी संपूर्णपणे आत पुरली. लेन इतके काटेकोर की, जखमेला बोटाचा स्पर्शही होऊ नये म्हणून सारे काम ते लांब दांड्यांच्या हत्यारांनी करीत. लाम्बॉट फावल्या वेळी व्हायोलिन तयार करीत असत. त्यांच्या हातची हत्यारे पाहणाऱ्याला याचे आश्चर्य वाटत नाही. पट्टी आत पुरल्याने जंतूंचे भय कमी झाले, पण काढण्याची सोय गेली. तेव्हापासून काढणे ही एक स्वतंत्र शस्त्रक्रिया झाली.

आणि काढावे तर लागेच, कारण त्या काळचे पोलाद शरीरात गंजे. रक्त हे खारट पाणी आहे आणि खारट पाण्यात लोखंडाचे काय होते हे कोकणातल्या कोणत्याही घराच्या बिजागऱ्या सांगतील. लाम्बॉट यांनी १९०६ मध्ये मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवून पाहिली. आठवड्याभरात तिचा चुरा झाला आणि कातडीखाली वायू साठला. असे का व्हावे याचा उलगडा पुढे १९३६-३७ च्या सुमारास टेक्सासमधील व्हेनेबल आणि स्टक यांनी केला: दोन भिन्न धातू शरीरातील द्रवात एकत्र आले की तेथे विजेची लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यांतला एक झिजत जातो. व्हायटॅलियम नावाचा मिश्रधातू आणि स्टेनलेस स्टील यांचा काळ यानंतर सुरू झाला. सुश्रुताने विचारलेल्या प्रश्नाला मापून-मोजून दिलेले हे उत्तर.

गंजाचे भय ओसरले, तरी काढण्याची पद्धत चालू राहिली. यात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची एक घटना सांगण्याजोगी आहे. कील शहरातील गेरहार्ट क्युन्टशर यांनी नोव्हेंबर १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत पोलादी सळई ठोकण्याची रीत सुरू केली. मार्च १९४० मध्ये बर्लिनच्या शल्यवैद्यांच्या परिषदेत त्यांनी ती मांडली, तेव्हा तिचे स्वागत थंडच झाले; हाडातील मगज नासून रोगी मरेल असे जाणत्यांचे मत होते. पुढे जर्मनीत कैदेत पडलेले, मांडी मोडलेले सैनिक अमेरिकेत परत येऊ लागले. त्यांच्या मांडीवर लांबलचक व्रण नव्हता, कमरेजवळ एक लहानशी खूण तेवढी होती, आणि क्ष-किरण चित्रात पाहावे तो हाडात हातभर पोलाद! मार्च १९४५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ही बातमी छापली. क्युन्टशर यांच्या सळईच्या टोकाला एक खाच असे. ती कशासाठी, तर हाड सांधल्यावर आकडा अडकवून सळई ओढून काढता यावी म्हणून.

आता प्रश्न असा की, धातू गंजत नाही, जागा सोडत नाही, दुखत नाही, तर तो काढावयाचा कशाला? याचे उत्तर बर्लिनच्या युलियुस वोल्फ यांच्या १८९२ च्या ग्रंथात होते. हाड हा दगड नव्हे. त्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे ते आपली घडण सतत बदलत असते, हा त्यांचा सिद्धान्त. भार वाढला की हाड दाट होते, भार गेला की विरळ होते. मग जे हाड पोलादाच्या आधाराने उभे आहे त्याचे काय? पट्टीने भार आपल्या अंगावर घेतला की तिच्या खालचे हाड हळूहळू पातळ होऊ लागते. कर्त्या भावाच्या घरी राहिलेला धाकटा भाऊ जसा उद्योगाची सवय विसरतो, तसाच हा प्रकार. पुढे स्टेफान पेरेन प्रभृतींनी दाखवून दिले की, भार हे एकच कारण नाही. पट्टी हाडाला घट्ट चिकटून बसल्याने तेथला रक्तपुरवठा तुटतो, हेही एक कारण आहे. यावरून हाडाला कमीत कमी टेकणाऱ्या पट्ट्या निघाल्या. पण ते बरेच नंतरचे.

या सिद्धान्ताच्या पार्श्वभूमीवर एक जुना वादही चालू होता. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस यांचा भर विश्रांतीवर. सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती. त्यांच्या नावाची लोखंडी चौकट पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचवून गेली. उलट पॅरिसचे ज्युस्त ल्युका-शॉम्पिओनियेर मालीश व हालचाल यांचे पुरस्कर्ते. महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहिलेला पाय हाड सांधूनही निकामी होतो, सांधे आखडतात, स्नायू वाळतात, हे त्यांचे म्हणणे. या वादाचा निकाल लावण्याचा प्रयत्न स्वित्झर्लंडमधील १३ शल्यवैद्यांनी केला. ६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील या गावी त्यांनी एक मंडळ स्थापन केले, ‘ए. ओ.’ या आद्याक्षरांनी ते जगभर ओळखले जाते. मॉरिस म्युलर हे त्यांतले प्रमुख. हाड इतके पक्के बांधावयाचे की पाय दुसऱ्या दिवसापासून हलविता यावा, हा त्यांचा आग्रह. म्हणजे हाडाला टॉमसची विश्रांती आणि सांध्याला शॉम्पिओनियेरची हालचाल. मला या मंडळाचे विशेष कौतुक वाटते ते त्यांच्या दप्तराचे. प्रत्येक रोग्याची नोंद शस्त्रक्रियेच्या वेळी, चार महिन्यांनी आणि वर्षाने ठरीव नमुन्यात व्हावयाची व ती मध्यवर्ती कचेरीत पोचावयाची. शास्त्राची प्रगती प्रयोगशाळेत होते तशी नीट ठेवलेल्या नोंदवहीतही होते, हे आम्हा दप्तरी माणसांना सुखविणारे सत्य आहे.

या मंडळाचा सुरुवातीचा दंडक असा होता की, नडगीची पट्टी साधारण वर्ष-दीड वर्षाने व मांडीची दोन वर्षांच्या सुमारास काढावी. पण काढल्यानंतर काही थोड्या रोग्यांची हाडे पुन्हा मोडू लागली. कधी जुन्या जागी, कधी स्क्रूच्या भोकातून. कारण उघड आहे. कर्ता भाऊ अचानक घर सोडून गेला आणि धाकट्यावर सारा प्रपंच पडला. शिवाय भिंतीला खिळे काढल्यावर भोके राहतात तशी हाडालाही राहतात, आणि पोकळ नळीला भोक असले की वळताना, विशेषतः पीळ बसताना, सारा ताण त्या भोकाच्या कडेशी येऊन साठतो. भोक भरून येते, पण आधी कच्च्या हाडाने. ते पक्के व्हावयास आठवड्यांमागून आठवडे जातात. क्ष-किरण चित्रात त्याच्या खुणा पुढे कितीतरी काळ दिसत राहतात.

या प्रकरणात धोका एका विचित्र गोष्टीमुळे वाढतो. हाड मोडते त्या वेळी वेदना इतकी असते की माणूस पाऊल टाकूच शकत नाही. वेदनाच पहारा करते. पट्टी काढल्यावर हा पहारेकरी जागेवर नसतो. माझ्याही उजव्या नडगीत एक पट्टी व आठ स्क्रू दीड वर्ष होते, म्हणून हे थोडे अधिकाराने सांगतो. ती काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुबड्या घेऊन उभा राहिलो, आठवड्याने त्या नकोशा वाटू लागल्या, टाके निघाले तेव्हा तर पायात काही झाले होते हेच मन मानीना. कामावर रुजू होण्यासाठी प्रमाणपत्र हवे होते. त्या वेळी मी ज्या कार्यालयात होतो तेथील छापील नमुन्यात दोनच पर्याय होते: कामास योग्य आणि कामास अयोग्य. डॉक्टरांनी ‘योग्य’वर खूण करून समासात लिहिले की, बारा आठवडे धावणे, उडी मारणे व ओझे उचलणे वर्ज्य. समासातील मजकुराला नियमांत आधार नाही, असा शेरा मारून कागद परत आला. दोन आठवडे त्यावर टिपणे चालली होती.

मला खुर्ची होती, म्हणून ही गोष्ट विनोदात खपली. गोदीतल्या हमालाला, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणाऱ्या बाईला किंवा उसाच्या फडात मोळ्या बांधणाऱ्याला असा समास कोणी देत नाही. पाय दुखत नाही म्हणजे पाय बरा, आणि पाय बरा म्हणजे ओझे उचल, हा तेथला हिशेब. त्यांच्यासाठी हे बारा आठवडे म्हणजे बारा आठवड्यांची मजुरी. हाड पुन्हा मोडले तर जाणारी मजुरी याच्या कितीतरी पट असते. पण उद्याची चूल आज पेटत नाही. पुष्कळ माणसे या दुसऱ्या रजेच्या भयानेच पट्टी काढून घेत नाहीत, आणि ज्या गरिबाची चूल रोजावर पेटते त्याला त्यासाठी दोष देणे मला जमत नाही.

काढल्यानंतर करावयाचे काय, याचे नियम तसे साधे आहेत. सळई काढलेल्या पायावर बहुधा लगेच भार देता येतो, कारण सळई हाडाच्या मध्यातून भार वाटून घेते आणि भोकेही थोडीच असतात. नडगीची सळई गुडघ्याच्या पुढच्या बाजूने घातलेली असते, त्यामुळे तेथे टेकून बसताना दुखते आणि सळई गेली तरी ते दुखणे कित्येकांना सोडीत नाही. जमिनीवर मांडी घालणाऱ्या, देवघरात गुडघे टेकणाऱ्या आपल्या लोकांना हे अधिक जाणवते. पट्टी काढलेल्या पायाला अधिक जपावे लागते. सपाटीवर चालणे लवकर सुरू करावयाचे, किंबहुना केलेच पाहिजे, कारण भारावाचून हाड दाट होत नाही. परंतु धावणे, उड्या, खेळ, पायाला पीळ बसेल अशी कामे यांना सहा आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत बंदी. मुदत किती, हे हाड कोणते, पट्टी केवढी आणि माणसाचे वय काय यांवरून डॉक्टर ठरवितात. आधी माती, मग मीठ, मग दगड.

अलीकडे सरसकट काढण्याची चाल पुष्कळ ठिकाणी मागे पडली आहे. पट्टी बोचत असेल, कातडीखाली टोचत असेल, जंतूंचा उपद्रव असेल किंवा रोगी लहान व वाढत्या वयाचा असेल तर काढावी. वृद्धाला त्रास नसेल तर राहू द्यावी, असे मत आता सर्वसाधारण आहे. आपल्याकडे अशी राहिलेली सळई शेवटी भेटते ती अस्थिसंचयाच्या दिवशी. राखेतून अस्थी वेचणाऱ्या मुलाच्या हाताला वडिलांच्या मांडीतले पोलाद लागते, आणि ते कलशात घालावे की बाजूला ठेवावे हे गुरुजींनाही चटकन सांगता येत नाही. धर्मशास्त्रकारांनी या शल्याचा विचार केलेला नाही.

काढण्याचे काम धातूंनीही अवघड करून ठेवले आहे. १९५२ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढावयास गेले तो ती निघेना. हाडाने ती आपलीशी केली होती. त्यातून पुढे १९६५ मध्ये जबड्यात कृत्रिम दात पक्के बसविण्याची विद्या निघाली. दाताला जो गुण, तोच पायाच्या पट्टीला दोष. टायटॅनियमचे स्क्रू कधी कधी पट्टीत असे जखडून बसतात की डोके झिजते पण स्क्रू हलत नाही, आणि घालण्याला लागला त्याहून अधिक वेळ काढण्याला लागतो.

म्हणून आपोआप विरणाऱ्या शल्याचा शोध पुन्हा सुरू झाला. हेलसिंकीच्या पेन्टी रोक्कानेन यांनी घोट्याच्या भंगावर शरीरात विरघळणाऱ्या कृत्रिम द्रव्याच्या काड्या वापरल्या आणि १९८५ मध्ये त्याचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. लाम्बॉट यांचे मॅग्नेशियमही परत आले आहे. जर्मनीत तयार झालेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. आता ते आठवड्यात नव्हे, तर पुष्कळ महिन्यांनी विरते. भोवती थोडा वायू अजूनही साठतो व तो क्ष-किरण चित्रात दिसतो, पण सहसा उपद्रव करीत नाही. हे स्क्रू लहान हाडांपुरते आहेत. मांडीचा आणि नडगीचा भार पेलण्याइतके बळ त्यांच्यात नाही. तेथे अद्याप पोलाद आणि टायटॅनियम यांवाचून चालत नाही, आणि ती काढावयाची झाली तर दुसऱ्या रजेचा अर्ज करावाच लागतो.